सेम थ्रीची एक केटी, बी.ई.चा प्रवेश आणि पदवीच्या अटी

डोंबिवलीकर पालक यांचा प्रश्न

सर्व जाणकार मंडळींना नमस्कार. माझा मुलगा मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका खासगी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचा प्रवेश २०२३ सालचा. धाकटी मुलगी त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका महाविद्यालयात त्याच्यामागे एक वर्ष आहे. आमच्या घरात यापूर्वी कोणी अभियांत्रिकीला गेलेले नाही आणि मी स्वतः वाणिज्य शाखेचा, त्यामुळे मुलांच्या तोंडचे निम्मे शब्द माझ्या डोक्यावरून जातात.

मुलाची सहावी सेम, म्हणजे सहावे सहामाही सत्र, संपत आली आहे. सगळे विषय सुटले आहेत, फक्त सेम थ्रीचे गणित अजून अडकलेले आहे (अशा राहिलेल्या विषयाला मुले ‘केटी’ म्हणतात). मागच्या निकालात त्याला लेखी परीक्षेत ८० पैकी २२ आणि अंतर्गत परीक्षेत २० पैकी १८ गुण आहेत. दोन्हींची बेरीज १०० पैकी ४० होते आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादाही ४० टक्केच आहे असे तो सांगतो. मग तो नापास कसा, हे मला कोणी नीट समजावून सांगितलेले नाही. महाविद्यालयाच्या खिडकीवर चौकशी केली असता ‘नोटीस बोर्ड बघा’ एवढेच उत्तर मिळाले. बोर्डावर पाहिले, तर तिथे मागच्या वर्षीची सूचना होती.

या एका विषयामुळे त्याचा बी.ई.चा, म्हणजे चौथ्या वर्षाचा, प्रवेश अडेल का, की शेवटच्या वर्षाबरोबर हा विषय सोडवता येईल? आणि मुळात पदवी हातात पडण्यासाठी एकंदर काय काय पूर्ण व्हावे लागते? मुलीच्या अभ्यासक्रमात तर श्रेयांक, मायनर, क्रेडिट बँक असे निराळेच शब्द आहेत. एकाच विद्यापीठात दोन भावंडांना दोन नियमावल्या कशा, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

ठाण्याचा इंजिनिअर

काका, एका केटीसाठी एवढे घाबरू नका. मुंबई विद्यापीठात केटी न लागलेला इंजिनिअर शोधायचा तर दिवसा कंदील घेऊन फिरावे लागेल. आता सगळी पद्धत पॉइंटरची, म्हणजे श्रेणीवरून मिळणाऱ्या अंकांची आहे; शेवटी एकूण सीजीपीए (सगळ्या सेमच्या पॉइंटरची सरासरी) चारच्या वर असला की पदवी मिळते, आणि राहिलेला विषय आठव्या सेमनंतरही देता येतो. माझ्या वर्गातील बऱ्याच जणांनी राहिलेले विषय पुढच्या वर्षी सोडवले आणि आज सगळे नोकरीला आहेत. मुलाला शांतपणे सहाव्या सेमचा अभ्यास करू द्या.

निवृत्त, परीक्षा विभाग

वरील उत्तर आपुलकीने दिलेले असले तरी त्यावर विसंबून राहिल्यास या मुलाचे एक वर्ष जाऊ शकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात माझी नोकरी गेली. हेच प्रश्न दर जून-जुलैत खिडकीवर येत आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असे.

पहिली गोष्ट बेरजेची. आपल्याकडे उत्तीर्ण होणे हे विषयावर ठरत नाही, ‘हेड’वर ठरते. आपल्या मुलाला लागू असलेल्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात, ज्याला मुले सी-स्कीम म्हणतात, लेखी परीक्षा ८० गुणांची हे एक हेड आणि अंतर्गत चाचण्यांचे २० गुण हे दुसरे हेड. प्रत्येक हेडमध्ये स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत, म्हणजे लेखीत ३२ आणि अंतर्गत परीक्षेत ८. टर्म वर्क, ओरल, प्रॅक्टिकल हीही अशीच वेगवेगळी हेडे आहेत. एका हेडमधले जास्तीचे गुण दुसऱ्या हेडच्या मदतीला येत नाहीत, त्यामुळे २२ अधिक १८ ही बेरीज गुणपत्रिकेवर कितीही गोजिरी दिसली तरी तिला अर्थ नाही. मुलगा लेखीत १० गुणांनी मागे आहे, एवढाच तिचा अर्थ.

मग ग्रेस मिळाला नाही का, असा प्रश्न आपण पुढे विचाराल. विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ५०४२-ए प्रमाणे ५१ ते १०० गुणांच्या हेडला जास्तीत जास्त ३ गुणांचा ग्रेस मिळतो आणि सगळ्या हेडांचा मिळून हा ग्रेस त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या १ टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही. दुसरी सवलत ५०४५-ए ची. विद्यार्थी बाकी सर्व हेडांत उत्तीर्ण असून फक्त एकाच हेडमध्ये अडकला असेल, तर एकूण गुणांच्या १ टक्का किंवा त्या हेडच्या १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढी तूट माफ होते. ८० गुणांच्या हेडचे १० टक्के म्हणजे ८. आपल्या मुलाची तूट १० आहे, त्यामुळे दोन्ही सवलती त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. या सवलती विद्यापीठ निकाल लावतानाच आपणहून देते. त्यासाठी अर्ज करायचा नसतो, आणि तसा अर्ज लिहून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पदवी आठव्या सेमच्या शेवटी मिळत असली तरी तिच्या अटी आठही सेमवर पसरलेल्या आहेत आणि मध्ये दोन फाटके आहेत. तिसऱ्या वर्षात, म्हणजे सेम पाचमध्ये, जाण्यापूर्वी सेम एक आणि दोन पूर्ण सुटलेल्या हव्यात. बी.ई.ला, म्हणजे सेम सातमध्ये, जाण्यापूर्वी सेम तीन आणि चार पूर्ण सुटलेल्या हव्यात. एटीकेटी ही सवलत फक्त लगतच्या वर्षापुरती असते: दुसऱ्या वर्षाचे ठराविक विषय घेऊन तिसऱ्यात बसता येते, परंतु तेच विषय घेऊन चौथ्यात बसता येत नाही. म्हणून ‘राहिलेला विषय आठव्या सेमनंतरही देता येतो’ हे पाचव्या ते आठव्या सेमच्या विषयांबाबत खरे आहे, सेम थ्रीच्या गणिताबाबत नाही. आपल्या मुलापुढचे फाटक हेच आहे आणि येत्या उन्हाळी परीक्षेत त्याला ते ओलांडायचे आहे.

सीजीपीए चारच्या वर असण्याविषयी लिहायचे तर, ज्या सेममध्ये एखादे हेड नापास असते त्या सेमचा पॉइंटरच निघत नाही. गुणपत्रिकेवर त्या जागी रेघ असते. एका सेमचा पॉइंटर नसताना आठ सेमचा एकत्रित आकडा कुठून येणार? शिवाय पहिल्या सात सेमपैकी काहीही बाकी असेल तर आठव्या सेमचा निकाल राखून ठेवला जातो. अशी मुले मी पाहिली आहेत, ज्यांची प्रोजेक्टची ओरल उत्तम झाली, निरोप समारंभात फोटो निघाले आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या नावापुढे ‘राखीव’ असे लिहून आले.

आता आपण घरी बसून करण्यासारखे एक काम सांगतो. मुलाच्या सर्व सेमच्या गुणपत्रिका टेबलावर क्रमाने मांडा आणि प्रत्येक हेडपुढे पेन्सिलीने खूण करा. कोणत्या परीक्षेचा निकाल कोणत्या बैठक क्रमांकावर आहे तेही लिहा, कारण केटीच्या परीक्षेला बैठक क्रमांक बदलतो. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, मात्र सर्वत्र एकच असला पाहिजे. दोन ठिकाणी तो वेगळा दिसला, किंवा नावात, वडिलांच्या नावात अथवा आईच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे असले, तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज महाविद्यालयामार्फत द्या. पदवी प्रमाणपत्राच्या वेळी कलिन्याच्या परीक्षा भवनात जाऊन ते निस्तरणे हा वेगळाच अभ्यासक्रम आहे आणि त्याला श्रेयांक नाहीत.

संगणक विभागातील शिक्षिका

वरील माहिती बरोबर आहे. मी त्यात दोन गोष्टींची भर घालते, एक मुलाच्या गणिताविषयी आणि दुसरी मुलीच्या नव्या अभ्यासक्रमाविषयी.

सेम थ्रीच्या गणितात लाप्लास रूपांतर, व्यस्त लाप्लास, फूरिये श्रेणी, मिश्र चल, सांख्यिकी पद्धती आणि संभाव्यता असे सहा भाग आहेत. प्रश्नपत्रिकेत २० गुणांचे सहा प्रश्न असतात. त्यांपैकी पहिला सक्तीचा आणि सर्व अभ्यासक्रमावर, उरलेल्या पाचांतून कोणतेही तीन सोडवायचे. पहिले दोन भाग एकमेकांवर उभे असल्यामुळे ज्याचे लाप्लास कच्चे राहते त्याचे दोन्ही भाग एकदम डळमळतात. अशी मुले मग ‘संभाव्यता आणि सांख्यिकीवर काढतो’ असे ठरवून बसतात आणि सक्तीच्या पहिल्या प्रश्नात अडकतात. आपल्या मुलाचे २२ गुण कोणत्या प्रश्नांतून आले आहेत, हे त्याला विचारून पाहा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली असेल तर फारच उत्तम, नसेल तर यापुढे निकालानंतर ठरलेल्या मुदतीत ती मागवण्याची सवय लावा. पुनर्मूल्यांकनात गुण वाढोत न वाढोत, आपण कुठे पाणी सोडले हे त्या कागदावर दिसते.

एक दिलासा देण्यासारखी बाब अशी की त्याचे अंतर्गत परीक्षेतील १८ गुण कायम राहतात, ती चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. त्यामुळे लेखीत ३२ मिळाले तरी विषयाची बेरीज ५० होऊन ‘डी’ श्रेणी, म्हणजे ६ पॉइंट मिळतात, आणि लेखीत ४२ मिळाले तर ६० होऊन ‘सी’ श्रेणी, म्हणजे ७ पॉइंट. ‘नुसते सुटले तरी पुरे’ असे म्हणणाऱ्या मुलांना मी हा हिशोब आवर्जून दाखवते, कारण कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या साठ टक्क्यांची आणि ‘लाइव्ह (अजून न सुटलेली) केटी नको’ अशी दुहेरी अट घालतात.

तिसऱ्या वर्षापासून त्याने ऑनर्सचे विषय घेतले असतील तर ते १८ श्रेयांकांचे (क्रेडिटचे, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककांचे) जादा काम आहे, पदवीच्या मूळ अटींत ते मोडत नाही. याउलट, चौथ्या वर्षी येणाऱ्या इन्स्टिट्यूट लेव्हल ऑप्शनल विषयांकडे मुले फार हलक्याने पाहतात. आपत्ती व्यवस्थापन किंवा प्रकल्प व्यवस्थापन हे ‘रात्रीत वाचून होणारे’ विषय म्हणून प्रसिद्ध आहेत. पण त्यांचीही लेखी परीक्षा ८० गुणांचीच असते आणि तिथेही ३२ च लागतात.

आता मुलीविषयी. मुंबई विद्यापीठाने २०२४-२५ मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेला अभ्यासक्रम सुरू केला, त्यामुळे एका वर्षाच्या अंतराने आपली दोन मुले दोन नियमावल्यांखाली आली आहेत. ज्याचा प्रवेश ज्या योजनेत, त्याच्या पदवीच्या अटी त्या योजनेच्या. म्हणून भावाच्या जुन्या अनुभवावरून बहिणीने काही ठरवू नये, हे तिला जरूर सांगा.

तिच्या योजनेत चार वर्षांच्या पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांकांची चौकट आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पूर्वीचे सुमारे २२० श्रेयांक कमी करून १६० वर आणले, हा त्यातला खालचा आकडा तिथलाच आहे. मात्र श्रेयांक कमी झाले म्हणजे पदवी सोपी झाली, असा अर्थ कोणी काढू नये. पूर्वी जवळजवळ सर्व भार आपल्या शाखेच्या विषयांवर होता. आता राज्य शासनाने २०२३ साली घालून दिलेल्या आराखड्यात तो अनेक टोपल्यांत विभागला आहे. शाखेच्या विषयांखेरीज बहुविद्याशाखीय मायनरचे (दुसऱ्या शाखेतल्या जोडविषयाचे) १४, खुल्या ऐच्छिक विषयांचे ८, इंटर्नशिप किंवा कार्यानुभवाचे १२, सहशालेय उपक्रमांचे ४, भारतीय ज्ञानप्रणालीचे २, असे श्रेयांक वेगवेगळे मिळवायचे आहेत. एका टोपलीतले जास्तीचे श्रेयांक दुसरीत टाकता येत नाहीत. शाखेच्या सगळ्या विषयांत अव्वल असलेली मुलगी दोन श्रेयांकांच्या एखाद्या विषयाकडे दुर्लक्ष केल्यामुळे पदवीपासून अडू शकते, आणि पालकांनी लक्ष ठेवायचे तर इथेच ठेवावे असे माझे मत आहे.

मायनर दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो आणि पुढच्या सेममध्ये त्याच धाग्याने चालतो. ‘मैत्रिणीने घेतला म्हणून’ निवडलेला मायनर पुढे गळ्यात पडलेला मी पाहिला आहे. तिने तो निवडलाच असेल, तर आता बदलण्याचा विचार न करता त्याचे सर्व सेमचे विषय एकदा वाचून घ्यावेत.

डोंबिवलीकर पालक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हेड ही भानगड आज पहिल्यांदा समजली. मुलाने छायाप्रत मागवलेली नव्हती. ‘त्याने काय होणार’ असे त्याचे उत्तर होते.

आणखी दोन शंका आहेत. उन्हाळी परीक्षेचा निकाल जुलैपर्यंत लागला नाही आणि तोवर बी.ई.चे वर्ग सुरू झाले, तर मुलाने काय करावे? त्याचा मित्र म्हणतो की महाविद्यालय तात्पुरता प्रवेश देते. दुसरे असे की मुलीच्या माहितीपत्रकात ‘मध्येच बाहेर पडण्याची सोय’ असे लिहिले आहे. आमच्या सौ.ना वाटते की तीन वर्षांत पदवी मिळत असेल तर चौथ्या वर्षाची फी वाचेल. हे खरे आहे का?

डिप्लोमाहून आलेला

नमस्कार. मी पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला होता, म्हणून या गणिताचा फटका मला चांगलाच माहीत आहे. आम्हाला सेम एक आणि दोन नसतात, पॉइंटरही सेम तीनपासूनच मोजला जातो, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या गणिताचा सराव न होता थेट लाप्लास समोर उभा राहतो. आपल्या मुलाला एवढेच सुचवेन की सहाव्या सेमचा पेपर आणि केटीचा पेपर यांच्या तारखा वेळापत्रक लागताच शेजारी शेजारी लिहून काढाव्यात. दोन पेपर लागोपाठच्या दिवशी आले तर मुले चालू सेमला झुकते माप देतात आणि केटी तशीच मागे राहते. त्याच्या बाबतीत उलट करायला हवे. सहाव्या सेमचा एखादा विषय राहिला तरी एटीकेटीच्या मर्यादेत बी.ई.ला बसता येते, सेम थ्रीचा राहिला तर बसता येत नाही.

निवृत्त, परीक्षा विभाग

वरचा सल्ला मला पटतो, जरी कोणतेही शिक्षक तो उघडपणे देणार नाहीत.

तात्पुरत्या प्रवेशाविषयी. निकाल लांबले की महाविद्यालये विद्यार्थ्यांना वर्गात बसू देतात आणि त्यांच्याकडून एक हमीपत्र लिहून घेतात. त्या हमीपत्रातला मजकूर सही करण्यापूर्वी पालकांनी स्वतः वाचावा. त्याचा आशय सामान्यतः असा असतो की विद्यार्थी अपात्र ठरल्यास प्रवेश आपोआप रद्द समजला जाईल आणि त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. तरीही मी म्हणेन की मुलाने वर्गात बसावे. पंचाहत्तर टक्के हजेरीची अट पहिल्या दिवसापासून मोजली जाते, आणि निकाल चांगला लागला पण आधीचे दीड महिने हजेरी नाही, अशी अडचण ओढवून घेण्यात शहाणपण नाही. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे महाविद्यालयाने सत्र मंजूर केले नाही, तर परीक्षेला बसताच येत नाही. फी भरताना मात्र ती परत मिळण्याबाबत काय नियम आहे, हे लेखी विचारून पावतीसोबत ठेवा. आणखी एक, विद्यापीठ एखाद्या वर्षी परिपत्रक काढून एटीकेटीच्या नियमात सूट देते आणि मग मुलांमध्ये ‘यंदाही मिळणार’ अशी हवा पसरते. ज्या वर्षाचे परिपत्रक, त्या वर्षापुरतीच सूट. ते आपल्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय त्यावर काहीही बेतू नका.

मध्येच बाहेर पडण्याबद्दल शिक्षिकाबाईंनी लिहिलेले अधिक बरे.

संगणक विभागातील शिक्षिका

लिहिते. बाहेर पडण्याची सोय आहे, परंतु वहिनींना ज्या अर्थाने वाटते त्या अर्थाने नाही. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर बी.व्होक., अशी ती रचना आहे आणि प्रत्येक टप्प्यावर त्या त्या वर्षांच्या श्रेयांकांखेरीज आणखी ८ श्रेयांकांचे काम करून द्यावे लागते. अभियांत्रिकीची पदवी चौथ्या वर्षानंतरच मिळते. ज्या घरावर अचानक आर्थिक संकट आले किंवा ज्या विद्यार्थ्याला आजारपणामुळे थांबावे लागले, त्याचे झालेले शिक्षण वाया जाऊ नये यासाठी ही वाट आहे. फी वाचवण्याची युक्ती म्हणून तिच्याकडे पाहिले तर नुकसानच होईल, कारण एम.टेक. आणि बहुतेक अभियंता पदांच्या जाहिराती यांचा विचार चार वर्षांच्या पदवीवरून होतो.

क्रेडिट बँकेचे खाते तिने डिजिलॉकरमधून उघडले आहे ना, हे पाहून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यात जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. तिचा बारा अंकी क्रमांक महाविद्यालयाच्या नोंदीत आणि परीक्षेच्या अर्जात एकच असला पाहिजे, आणि आधार कार्डावरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव यांत फरक असेल तर खाते जोडले जात नाही. आमच्या वर्गातील अनेक मुलींची नावे आधारवर ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ अशी आणि विद्यापीठात आडनाव आधी अशी आहेत. एवढ्या फरकाने सहसा अडत नाही, स्पेलिंग वेगळे असेल तर अडते.

डोंबिवलीकर पालक

ज्यांनी ज्यांनी लिहिले त्या सर्वांचे आभार. मुलाला केटीचा परीक्षा अर्ज चालू सेमच्या अर्जाबरोबरच भरायचा असतो का, एवढे कोणी सांगावे. तो म्हणतो की मित्रांबरोबर भरीन.

निवृत्त, परीक्षा विभाग

स्वतंत्र अर्ज असतो आणि त्याची मुदतही स्वतंत्र असते. चालू सेमचा अर्ज महाविद्यालय सगळ्या वर्गाचा एकदम भरून घेते. केटीचा अर्ज ज्याचा त्याने आठवणीने भरायचा असतो आणि मुदत टळली की विलंब शुल्क लागते, त्यानंतर खिडकी बंद होते. उद्याच महाविद्यालयात जाऊन सूचना पाहायला सांगा, अर्ज भरल्यावर त्यावर सेम तीन, २०१९ ची योजना आणि विषयाचा संकेतांक बरोबर छापून आला आहे का हे तपासा, आणि पैसे भरल्याची पावती हॉल तिकीट हातात येईपर्यंत जपून ठेवा. मित्रांना ती केटी नसेल, तर ते त्या रांगेत उभे राहणार नाहीत.